इलिनॉयमधलं स्वस्त डिझेल

डिझेलची गाडी घ्यायचं माझ्या नवऱ्याच्या मनात आलं, तेव्हा तो कितीतरी दिवस जेवताना दुसरं काही बोललाच नाही. ऐंशीच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. मिनेसोटात, ईडन प्रेरीला आम्ही भाड्याच्या घरात राहत होतो, मुलगी पाच वर्षांची होती, आणि गॅसचे भाव चढून बसले होते ते उतरायचं नाव घेत नव्हते. गॅस म्हणजे पेट्रोल. माझ्या सासूबाई त्या वर्षी साताऱ्याहून आमच्याकडे आल्या होत्या. गाडीत गॅस भरतात हे ऐकून त्यांना वाटलं, डिकीत सिलिंडर असतो. पहिले काही दिवस त्या मागच्या सीटवर जरा पुढे सरकूनच बसत.

डिझेल तेव्हा गॅसपेक्षा स्वस्त होतं, आणि तेवढ्याच इंधनात ती गाडी बरीच जास्त पळायची. माझा नवरा मेकॅनिकल इंजिनिअर. त्याला ते गणित तोंडपाठ होतं. गाडी आली ती वापरलेली, मोहरीच्या रंगाची, जर्मन बनावटीची. किल्ली अर्धी फिरवून डॅशबोर्डवरचा दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग ती सुरू व्हायची. थंडीत रात्रभर इंजिन गरम ठेवायला तिची वायर भिंतीतल्या प्लगला लावून ठेवावी लागे. आमच्या कोटांना, सासूबाईंच्या शालीला, मुलीच्या केसांनासुद्धा डिझेलचा वास येऊ लागला.

त्या हट्टामागचं कारण मला ठाऊक होतं. त्याच्या कंपनीत माणसं कमी करायला सुरुवात झाली होती. त्याच्या शेजारचा एक अमेरिकन माणूस सकाळी कामावर आला आणि दुपारी खोक्यात आपलं सामान भरून गेला. तो माणूस याच्याहून सीनियर होता. त्या दिवसापासून माझा नवरा साध्या साध्या गोष्टींत चिडायला लागला. कशातही आपण चुकलो असं म्हणायची त्याला भीतीच वाटत होती.

आमचा जवळचा मित्र म्हणजे एक डॉक्टर. मूळचा नागपूरचा, माझ्या नवऱ्यापेक्षा बराच आधी इथं आलेला. त्याच्याकडे पलंगाएवढी लांबरुंद अमेरिकन गाडी होती, ती गॅस नुसती प्यायची. त्याच्या बायकोला मी ताई म्हणत असे. तिला गाडी चालवता येत होती, मला नाही. त्यांची मुलं कॉलेजात गेली होती, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी एकतर ते आमच्याकडे किंवा आम्ही त्यांच्याकडे.

अशाच एका शनिवारी वाद पेटला. जानेवारीत आमच्या मराठी मंडळाची संक्रांत होती. तीळ, गूळ, डाळी आणि कुणाकुणाच्या साड्या आणायला शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर जायचं आमच्या दोन घरांकडे आलं होतं. सामान बरंच होतं, म्हणून दोन्ही गाड्या न्यायच्या ठरल्या.

"आता कळेल तुला," माझा नवरा डॉक्टरांना म्हणाला. "जाऊन येऊन तुझा खर्च किती आणि माझा किती, ते बघूच."

"अरे यार, इंधनाचं काय सांगतो? गाडी घेताना जास्तीचे मोजले ते धर ना त्यात. ऑइल चेंज धर."

"ते मग. आधी या ट्रिपचं बोल."

"लाव पैज. हरेल त्यानं मंडळाच्या सगळ्या लोकांना स्वतःच्या हातानं पिठलं-भाकरी करून वाढायची. बायकोनं हात लावायचा नाही."

सगळे हसले. मीही हसले. पण माझा नवरा हसत नव्हता. त्याच्या मनात भाकरीचा विचारसुद्धा नव्हता.

जाताना काही झालं नाही. शिकागोत तर थंडी पार मोडली होती. डेव्हनच्या फुटपाथवर बर्फाचं पाणी वाहत होतं, लोक कोटाची बटणं उघडी टाकून फिरत होते. आम्ही मनसोक्त खरेदी केली, रात्री डॉक्टरांच्या ओळखीच्या एका घरी राहिलो आणि रविवारी सकाळी परत निघालो.

इलिनॉय संपायच्या आत हायवेलगतच्या एका ट्रकवाल्यांच्या पंपावर डिझेलचा भाव अगदी कमी दिसला. माझ्या नवऱ्यानं लगेच गाडी वळवली आणि टाकी काठोकाठ भरली. डॉक्टर त्यांच्या गाडीला टेकून बघत होते.

"आता घरापर्यंत पंपावर थांबणार नाही," हा त्यांना म्हणाला.

डॉक्टर काहीतरी बोलणार होते असं मला वाटलं. पण ते नुसतेच "बरं" म्हणाले. जेवायला विस्कॉन्सिनमधल्या ओ क्लेअर गावाजवळच्या एका पॅनकेकच्या हॉटेलात भेटायचं ठरलं आणि ते पुढे गेले.

विस्कॉन्सिनमध्ये शिरल्यावर हवा बदलायला लागली. आधी आकाश स्वच्छ झालं. मग उत्तरेचा वारा सुटला आणि शेतातला भुरभुरा बर्फ रस्त्यावरून धुरासारखा आडवा वाहू लागला. मॅडिसनच्या आसपास एक पंप दिसला. नवऱ्यानं वेग थोडा कमी केला, पंपाकडे पाहिलं आणि पुन्हा वेग वाढवला.

"थांबायचं होतं का?" मी विचारलं.

"नाही. टाकी भरलेली आहे."

पुढे एका बँकेच्या पाटीवर तापमान दिसलं. शून्याच्या खाली, तेही फॅरनहाइटमध्ये. गाड्या अगदी तुरळक होत्या. लोक हवामानाची बातमी ऐकून घरी बसले होते. आम्ही सकाळपासून कॅसेट ऐकत होतो.

ओ क्लेअर जवळ आलं असेल-नसेल, गाडीचा जोर कमी झाला. नवऱ्यानं पेडल दाबलं. इंजिनानं एक आचका दिला, पुन्हा धरलं, पुन्हा सोडलं. चढावर तर गाडी माणूस पायी चालल्यासारखी चालायला लागली. स्टिअरिंगवर त्याच्या बोटांची पेरं पांढरी झालेली मला दिसत होती. शेवटी त्यानं गाडी कडेला घेतली आणि ती तिथेच बंद पडली.

किल्ली फिरवून फिरवून बॅटरी उतरली. तो खाली उतरला, बॉनेट उघडलं, आणि परत आला तेव्हा त्याच्या भुवयांवर बर्फ होता.

"डिझेल गोठलंय," तो म्हणाला. "फिल्टरमध्ये तुपासारखं बसलंय."

"मग आता?"

"मागे एक एक्झिट गेली, तिथे पंपाची पाटी होती. मी जाऊन येतो."

"अहो, नका जाऊ. गाडी सोडून जाऊ नये म्हणतात. कुणीतरी थांबेल."

"कोण थांबतंय? आल्यापासून एक ट्रक गेला फक्त. आईकडे बघ जरा."

सासूबाईंनी स्वेटरवर शाल घेतली होती आणि पायात मोजे व चपला होत्या. आमच्याकडे खरे थंडीचे कपडे नव्हतेच. घरातून गाडीत, गाडीतून दुकानात, एवढंच चालायचं म्हणून आम्ही आलो होतो. नवऱ्यानं हातमोजे काढून आईच्या हातांत घातले.

"अरे, तुला लागतील ते," त्या म्हणाल्या.

"खिशात घालीन हात," असं म्हणून त्यानं दार लावलं. मागच्या काचेतून तो थोडा वेळ दिसला. मग उडत्या बर्फात दिसेनासा झाला.

हीटर बंद पडल्यावर गाडी किती भराभर गार होते, याची मला कल्पना नव्हती. आमच्याच श्वासाचा बर्फ काचांवर आतून चढायला लागला. मी मागे सासूबाईंच्या शेजारी गेले, मुलीला आमच्या मध्ये घेतलं. डिकीतून साड्यांच्या पिशव्या ओढून आणल्या. लोकांच्या कोऱ्या साड्या, घड्याही न मोडलेल्या. त्या सगळ्या उलगडून आम्ही अंगाभोवती गुंडाळल्या. सासूबाईंनी मुलीचे बूट-मोजे काढले आणि तिचे पाय स्वतःच्या पोलक्याखाली पोटाला लावून धरले. पाय लागताच त्यांचं सगळं अंग शहारलं, पण त्यांनी ते सोडले नाहीत.

"मम्मी, इज बाबा लॉस्ट?" मुलीनं विचारलं.

"नाही गं. येईल आता."

"हाऊ डू यू नो?"

सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण प्रश्न त्यांना कळला असावा. त्या म्हणाल्या, "तुझा बाबा लहानपणी पत्त्यांत हरला की जेवायचा नाही. मग मी मुद्दाम हरायचे. तेच चुकलं माझं."

त्या हे काही गंमत म्हणून सांगत नव्हत्या. थोड्या वेळानं त्यांचे डोळे मिटायला लागले. मी त्यांना हलवलं. झोपू द्यायचं नाही, एवढं मला माहीत होतं. मी काहीही विचारत सुटले. तुमच्या लग्नात किती माणसं होती, पहिली साडी कुठली, सासरी कोण जाच करायचं. त्या तुटक तुटक उत्तरं द्यायच्या. इतक्या महिन्यांत आम्ही एकमेकींशी एवढं बोललो नव्हतो, आणि तेव्हा त्यातलं काहीही माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. माझं सगळं लक्ष मागच्या काचेकडे. ऊन पिवळं पडायला लागलं होतं. तो पंपावर पोचला असता तर एव्हाना कुणीतरी यायला हवं होतं.

मग मी एक केशरी साडी घेतली, बाहेर उतरले आणि गाडीच्या ॲन्टेनाला तिचं टोक बांधलं. गाठ मारताना बोटं माझी आहेत असं वाटेना. वाऱ्यावर साडी एकदम ताणली गेली आणि फडफडू लागली.

मी आत येऊन दार लावते तोच मुलगी ओरडली, "काकाज् कार! मम्मी, काकाज् कार!"

पलीकडच्या रस्त्यानं, आमच्या उलट दिशेला, डॉक्टरांची लांबलचक गाडी चालली होती. दोन रस्त्यांमध्ये बर्फानं भरलेला रुंद खड्डा. मी पुन्हा बाहेर पडले, हात हलवले, ओरडले. गाडी थांबली नाही. तिचा वेगही कमी झालेला दिसला नाही. ती सरळ निघून गेली.

"त्यांनी पाहिलं का?" सासूबाईंनी विचारलं.

"पाहिलं," मी म्हणाले. मला माहीत नव्हतं.

नंतरचा वेळ सगळ्यात कठीण गेला. पुढची एक्झिट गाठून वळून यायला त्यांना किती वेळ लागेल, याचा मी सारखा अंदाज करत होते आणि माझा प्रत्येक अंदाज संपून जात होता. शेवटी मागून दिव्यांचा उजेड आला. डॉक्टर धावतच आले. पाठीमागून ताई.

"हॉटेलात वाट बघून तुम्हाला शोधायला मागे निघालो, तर साडी दिसली मला," ताई म्हणाली. "हे म्हणत होते, कुणाची तरी ताडपत्री असेल. मी म्हटलं, ताडपत्रीला काठ असतात का?"

डॉक्टरांनी आत डोकावून पाहिलं. "तो कुठाय?"

"मागच्या एक्झिटकडे गेलेत चालत. तुम्हाला वाटेत दिसले नाहीत?"

डॉक्टरांचा चेहरा उतरला. ते त्याच एक्झिटला वळून त्याच रस्त्यानं आले होते, आणि रस्त्यावर त्यांना कुणीही दिसलं नव्हतं.

त्यांनी आम्हा तिघींना आपल्या गाडीत बसवलं, हीटर पूर्ण सोडला. मग गाडी सुरू करून ती उलटी, रस्त्याच्या कडेकडेनं, मागे न्यायला लागले. हायवेवर असं कुणी करत नाही. मागून एखादा ट्रक आला असता तर आमचं काही खरं नव्हतं. ते मान पूर्ण मागे वळवून चालवत होते. ताई उजवीकडची काच खाली करून बाहेर बघत होती, मी तिच्या मागे.

"थांबा!" ताई म्हणाली.

रस्त्याच्या कडेला पावलं उमटलेली होती. ती उतारावरून खाली, तारेच्या कुंपणाच्या दिशेनं गेली होती. लांब शेतापलीकडे एका घराचा दिवा लागलेला दिसत होता. रस्ता सोडून त्यानं मधून जायचं ठरवलं होतं.

डॉक्टर उतरले. "वहिनी, तुम्ही गाडीत बसा."

मी ऐकलं नाही. त्यांच्यामागे उतारावरून घसरतच गेले. खाली बर्फ कमरेएवढा होता. डॉक्टरांचे पाय जिथे पडत तिथे मी पाय टाकत होते.

तो कुंपणाच्या खांबाला टेकून बसला होता. टोपी नव्हती. आम्हाला बघून त्याला आनंद झाला नाही, आश्चर्यही वाटलं नाही. "मी जरा बसलो होतो," तो म्हणाला. जीभ जड झाली होती. "आता निघतच होतो." उजवा हात त्यानं तारेवर ठेवला होता आणि तो त्याला तिथून उचलता येत नव्हता.

मी त्याचा हात धरून चोळायला लागले तर डॉक्टर माझ्यावर ओरडले, "चोळू नका! अजिबात चोळू नका!" त्यांनी आपला पार्का, टोपीचा जाड कोट, काढून त्याला घातला, त्याच्या काखेत हात घालून त्याला उभं केलं. दोन पावलं चालायचं, पडायचं, उठायचं, असे आम्ही तिघं वर आलो. डॉक्टर नुसत्या स्वेटरवर होते. गाडीत त्यांनी स्वतःचा शर्ट उघडून त्याचा हात आपल्या छातीशी धरला आणि बायकोला म्हणाले, "चालव." ताईनं गाडी चालवली. ओ क्लेअरच्या इस्पितळाच्या दारात पोचेपर्यंत माझ्या सासूबाई मुलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

तो वाचला. उजव्या हाताच्या करंगळीची आणि शेजारच्या बोटाची पेरं गेली. डाव्या कानाची कडा काळी पडून गळून गेली. आमची गाडी टो करून एका उबदार गॅरेजमध्ये नेली होती. तिथे फिल्टर बदलल्यावर, दुसऱ्या दिवशी, काही झालंच नाही अशी ती सुरू झाली.

संक्रांतीचा कार्यक्रम आमच्यावाचून झाला. पैजेचा विषय कुणी काढला नाही. डॉक्टर रोज संध्याकाळी ड्रेसिंग बघायला यायचे, आणि माझा नवरा त्यांच्याशी हो-नाहीच्या पलीकडे बोलायचा नाही. ते गेले की भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. मला वाटायचं, बोटांचं दुःख आहे.

एका दुपारी मी पट्टी बदलत होते, तेव्हा तो म्हणाला, "मला माहीत होतं."

"काय?"

"दक्षिणेकडचं डिझेल या थंडीत गोठतं. उत्तरेत हिवाळ्यासाठी वेगळं, पातळ डिझेल मिळतं. नाहीतर टाकीत ओतायचं औषध मिळतं, मॅडिसनला मी ते तरी घ्यायला हवं होतं. मी वेग कमी केला होता, आठवतंय? ते महाग होतं. म्हटलं, निघेल एवढं."

मी पट्टी गुंडाळून संपवली. गाठ मारली. मग स्वयंपाकघरात गेले आणि दार लावून घेतलं. मला इतका संताप आला होता की समोरची भांडी दिसत नव्हती. साडीत गुंडाळलेली मुलगी, मिटत चाललेले म्हातारीचे डोळे, आणि हा म्हणतो निघेल एवढं. त्यानंतर कितीतरी दिवस मी त्याच्याशी कामापुरतं बोलत होते. सासूबाईंना कारण ठाऊक नव्हतं, पण एकदा त्या मला म्हणाल्या, "त्याला मुद्दाम जिंकू देऊ नकोस. मी केलं तसं करू नकोस."

मी त्याला म्हणाले, "हे मला सांगून उपयोग नाही. तुम्हाला शोधायला जो कमरेएवढ्या बर्फात शिरला, त्याला सांगा."

हिवाळा सरत आला तेव्हा तो तयार झाला. आम्ही डॉक्टरांकडे गेलो. ताईनं चहा टाकला होता. माझ्या नवऱ्यानं कोटही न काढता, उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पंप, भाव, मॅडिसन.

डॉक्टर खुर्चीतून उठले. मग म्हणाले, "त्या दिवशी सकाळी शिकागोत त्या घरी रेडिओ चालू होता. उत्तरेत भयंकर थंडी उतरते आहे म्हणून मी ऐकलं होतं. तू टाकी भरत होता तेव्हा सांगणारच होतो. मग वाटलं, तू म्हणशील, हा हरायला लागला म्हणून घाबरवतो आहे. गप्प बसलो."

दोघंही एकमेकांकडे न बघता उभे राहिले. मग माझा नवरा खाली बसला, आणि डॉक्टर त्याच्या शेजारी. ताईनं शेगडी बंद केली.

"आतमध्ये पोर होती," ती म्हणाली. "आई होत्या." एवढंच बोलून तिनं किल्ल्या उचलल्या आणि मला म्हणाली, "चल गं."

ती मला त्यांच्या त्या लांबलचक गाडीतून तळ्याच्या भोवती फिरवत राहिली. तळ्यावरचा बर्फ काठाकडून पातळ व्हायला लागला होता. मग शाळेच्या मोकळ्या पार्किंग लॉटमध्ये तिनं गाडी थांबवली, उतरली, आणि माझ्या बाजूचं दार उघडून उभी राहिली.

"सरक तिकडे," ती म्हणाली. "मला सांग, उजव्या पायाखाली काय काय आहे?"